लॉन्ड्रीत धरलेला हात

आधीच सांगते, जेवताना वाचत असाल तर बाजूला ठेवा आणि नंतर वाचा. गंमत करत नाहीये.

या धाग्यावरचे अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतेय. लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर वाचायचे तेसुद्धा करमणूक म्हणून. कुणाला गच्चीवर बाई दिसली, कुणाच्या गाडीत मागे कोण येऊन बसलं... मी मनात म्हणायचे, अहो, आधी डोळे तपासून घ्या, झोप पुरी करा. आमच्या घरी गणपती बसतो, दिवाळीला लक्ष्मीपूजन होतं, पण भूत, बाधा, करणी यातलं काही मी कधी मानलं नाही. माझे बाबा अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. "दिसलं ते लिही, वाटलं ते खोड," असं ते प्रयोगवही तपासताना म्हणायचे. तेव्हा दिसलं ते लिहिते. थोडं वाटलेलंही येईल, त्याला इलाज नाही.

मी डब्लिनला राहते. आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं, कोलंबसच्या शेजारचं. एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं काम करतेय. म्हणजे लोकांची थुंकी, पू, लघवी, शी... हेच माझं रोजचं काम. सकाळी सॅम्पल लावायची आणि साडेअकराला शेजारच्या खोलीत बसून भरल्या वांग्याचा डबा खायचा. मला काही होत नाही. पण लॅबमधल्या घाणीला लेबल असतं. कुणाची, कधीची, शरीराच्या कुठल्या भागातली, सगळं लिहिलेलं असतं. बिनलेबलची घाण मला सहन होत नाही. पब्लिक बाथरूमचं दार मी कोपराने उघडते. पोटलकमध्ये, म्हणजे सगळे घरून एकेक पदार्थ आणतात त्या जेवणात, कुणी चमचा चाटून परत भांड्यात घातला तर त्या भांड्याकडे मी पुन्हा बघत नाही. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते.

माझी मुलगी रेवा सतरा वर्षांची आहे. सहा वर्षं तिला तबल्याच्या क्लासला घातलं, दर शनिवारी पंचवीस मिनिटं ड्राइव्ह करून. त्याचं फळ असं, की ती आता ड्रम्स वाजवते. तीन मुलींचा पंक बँड. नाव 'सॉगी फ्राइज'. मी म्हटलं, "अगं, लिबलिबीत बटाट्यांवरून कुणी नाव ठेवतं का?" तर म्हणाली, "आई, ते gross असायलाच हवं. That's the point."

मागच्या मार्चमध्ये त्यांचा पहिला शो ठरला. रविवारी दुपारी चार वाजता, सगळ्या वयाच्या लोकांना प्रवेश, दारू नाही. जागा कोलंबसच्या साउथ साइडला, रेल्वे ट्रॅकच्या अलीकडे. बरीच वर्षं बंद पडलेली नाण्यांवर चालणारी लॉन्ड्री होती. मशीन्स काढून टाकली होती आणि आत लाकडी फळ्यांचं फूटभर उंचीचं स्टेज ठोकलं होतं. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, त्या वेळी नागपूरला होता. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. फोनवर म्हणाला, "जाऊ दे तिला. तूच सोबत जा ना."

"मी? तिथे?"

"मग कोण जाणार? एक दिवस नाक दाबून उभी राहा."

गेले.

ती जागा कशी होती हे सांगायलाच हवं. आत शिरल्याबरोबर बुटाचा तळवा जमिनीला चिकटला. उचलला की चर्र असा आवाज, पुन्हा टेकवला की पुन्हा चिकट. छताला ओल धरून तपकिरी वर्तुळं उमटलेली. भिंतीवर मशीनचे पाइप कापून टाकलेले, त्यांची तोंडं चिंध्या कोंबून बंद केलेली, आणि त्या चिंध्यांतून काहीतरी झिरपून वाळलेलं. बाथरूम एकच होतं. मी दार कोपराने ढकललं, आत पाहिलं, आणि ठरवलं की घरी जाईपर्यंत पाणी प्यायचं नाही. सिंकमध्ये कुणाचे तरी निळे केस... डाय धुतलेला. माणसं ऐंशी-नव्वद असतील. सगळी पोरं घामेजलेली, अंगाला अंग लावून उभी. एका मुलाने दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी तोंडात घेऊन फवारा उडवला आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले! मी स्कार्फ नाकावर ओढला.

दाराशी डोना नावाची बाई होती. साठीची, पांढऱ्या केसांची छोटी वेणी, हातात इअरप्लग्जचं खोकं. जागा तीच चालवते. माझा चेहरा बघून हसली. "पहिल्यांदा?" मी मान हलवली. तिने दोन इअरप्लग्ज माझ्या तळहातावर ठेवले आणि स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. त्याला पिट म्हणतात. तिथे पोरं गाण्यावर एकमेकांवर आदळतात. नाच म्हणतात त्याला. डोना म्हणाली, "भयंकर दिसतं, पण गुणी मुलं आहेत. कुणी पडलं की सगळे थांबतात आणि त्याला उचलतात."

सॉगी फ्राइज दुसऱ्या नंबरला होते. काय सांगू... सूर नव्हता, शब्द एकही कळला नाही, पण रेवा वाजवत होती तेवढा वेळ मी तिच्यावरून नजर हलवली नाही. नाकावर स्कार्फ आणि डोळ्यांत पाणी, अशी मी मागच्या भिंतीपाशी उभी. भिंतीला न टेकता, अर्थात. शेवटी ती स्टेजवरूनच ओरडली, "That's my mom in the back! She hates it here!" नव्वद पोरं वळली आणि माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागली. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

पुढचा बँड मोठ्या मुलांचा होता. तो सुरू झाल्यावर रेवा खाली उतरून पिटमध्ये गेली. तिचे केस जांभळे रंगवलेले आहेत, त्यामुळे मला ती गर्दीत दिसत होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आणि मग दिसेनाशी झाली.

मी दहा आकडे मोजले. जांभळं काही वर येईना.

पुढचा विचार मी केलाच नाही. स्कार्फ, पर्स, घाण, सगळं विसरून सरळ आत घुसले. कुणाचा तरी ओला दंड माझ्या गालावरून घासत गेला. कुणाची पाठ छातीवर आदळली. मग बाजूने एक खांदा लागला आणि मी आडवी. दोन्ही गुडघे आणि उजवा तळहात जमिनीवर, तोंड जमिनीपासून वीतभर. तिथली जमीन ओली होती. चिकट नव्हती, ओली. माझ्या हाताच्या बाजूला चार स्क्रूंची एक गोल लोखंडी झाकणी होती, मशीनचं पाणी जायच्या भोकावरची.

आणि कुणीतरी माझं डावं मनगट धरलं.

पहिल्यांदा वाटलं ते हेच, की चला, डोना म्हणाली तसं कुणीतरी उचलतंय. मीही त्या हाताला घट्ट धरलं आणि त्याच्या आधाराने उठले. उठता उठता माझ्या बोटांना कळायला लागलं की आपण काय धरलंय.

अळकुड्या उकडून सोलल्यात कधी? वरची साल नुसत्या अंगठ्याने सरकते आणि आत ते बुळबुळीत लागतं... तसं. तो हात थंड होता आणि भिजून फुगलेला होता. मी जिथे पकडलं होतं तिथली त्वचा आतल्या हातावरून सरकत होती, सैल मोजा घोट्यावरून सरकतो तशी. तेवढ्यात वास आला. मी वासांच्या धंद्यात आहे. पू ओळखते, गँगरीन ओळखते, बॅक्टेरियाचं नावसुद्धा कधीकधी जंतू वाढवलेली प्लेट उघडल्याबरोबर सांगते. हा त्यातला कुठलाच नव्हता. फुलदाणीत दोन आठवडे राहिलेलं पाणी, बादलीत कुजलेलं पोछ्याचं फडकं, आणि या दोन्हींच्या वर साबणाचा गोडसर वास. तो साबणाचा वास सगळ्यात वाईट.

मी खाली पाहिलं. त्या पोरांच्या बुटांच्या मधून, जमिनीजवळून, तो हात आला होता. नखं पांढरी, मऊ पडलेली. मनगटाशी करड्या रंगाची बाही आणि बटण लावलेलं. त्याच्या पुढे अंधार आणि बूट. कुणाचा चेहरा दिसला नाही. इतके बूट आपटत होते, पण त्या हातावर एकही पडत नव्हता.

मी हात झटकला. सुटताना 'चप्' असा आवाज झाला. तेवढ्या गोंगाटात, कानात इअरप्लग्ज असताना, तो मला स्पष्ट ऐकू आला.

मग मी धावत बाहेर गेले आणि पार्किंग लॉटमध्ये उरलेल्या काळ्या बर्फाच्या ढिगावर ओकले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही ओकले नव्हते.

रेवा मागोमाग आली. ती ठीक होती. बुटाची लेस बांधायला वाकली होती म्हणे, एवढंच. "आई, are you okay? कुणी मारलं का तुला?"

मी मनगटाकडे बघत होते. त्यावर एक पातळ करडा थर होता. वरण गार झाल्यावर साय धरते तसा. थोडा स्वेटरच्या बाहीलाही लागलेला. मला हात सॅनिटायझरमध्ये बुडवायचा होता, उकळत्या पाण्यात घालायचा होता... पण सवय वाईट. कोटाच्या खिशात लॅबमधले दोन निर्जंतुक स्वॅब पडलेले असायचेच. मी एक फोडला, मनगटावरून फिरवला आणि नळीत बंद केला. स्वेटर काढून गाडीतल्या एका झिपलॉक पिशवीत कोंबला. त्यानंतर अर्धी बाटली सॅनिटायझर संपवलं.

रेवा म्हणाली, "तू काय करतेयस? You're scaring me."

"गाडीत बस. घरी."

हायवेला लागल्यावर मी तिला सांगितलं, की कुणीतरी मला उचललं आणि त्याचा हात घाणेरडा होता, सडलेला होता, त्या माणसाला काहीतरी भयंकर इन्फेक्शन असणार, आणि त्या जागेत तिने पुन्हा पाऊल टाकायचं नाही. नाही म्हणजे नाही. बँड गॅरेजमध्ये वाजवा.

ती सीटवर माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "पण तुला कुणी उचललं नाही, आई."

"म्हणजे?"

"मी बघितलं ना. तू स्वतः उठलीस, एका सेकंदात. Then you bent down. तू वाकून कुणालातरी ओढत होतीस. Like, really pulling. मला वाटलं कुणीतरी खाली पडलंय आणि तू त्याला उठवतेयस. I was so proud of you."

मी म्हटलं, "तुला नीट दिसलं नसेल."

"मला दिसलं. मग तू सोडून दिलंस आणि पळालीस." आणि एकदम तिचा आवाज बदलला. "आई, म्हणजे somebody was down? कुणी खाली होतं आणि तू त्याला तिथेच सोडलंस?"

मी रस्त्याकडेच बघत गाडी चालवत राहिले.

"गाडी वळव."

"रेवा—"

"Turn the car around! तो आजारी आहे म्हणतेस ना तू? मग तो तिथेच पडलाय, आई!"

पुढच्या एक्झिटला मी गाडी वळवली. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेसहा होत आले होते. शो संपला होता, पोरं बाहेर पिझ्झा खात उभी होती. आत सगळे दिवे लागलेले आणि डोना एकटी मॉप मारत होती. मी दारातच थांबले. रेवाने तिला विचारलं, कुणी पडलं होतं का, कुणाला लागलं होतं का, आजारी कुणी, करडा शर्ट, लांब बाही. डोना म्हणाली, कुणीच नाही. आज तर साधं नाकसुद्धा फुटलं नाही कुणाचं. दार एकच आहे आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः टाटा करते. करड्या शर्टाचा कुणी आत आला नाही आणि बाहेरही गेला नाही.

तरी तिने टॉर्च काढला. बाई चांगली. स्टेजच्या खाली, बाथरूममध्ये, मागच्या कोठीत, सगळीकडे आम्हाला दाखवलं. मग मी त्या लोखंडी झाकणीकडे बोट केलं. तिने वाकून टॉर्च मारला. झाकणी बशीएवढी होती. चारही स्क्रूंवर रंगाचे थरावर थर बसलेले. कित्येक वर्षांत कुणी उघडली नव्हती. आणि जमीन तिथे कोरडी होती.

मी डोनाला सरळच विचारलं, इथे कधी कुणी... म्हणजे लॉन्ड्री असताना... अपघात वगैरे?

तिने खांदे उडवले. "मी या गल्लीत लहानाची मोठी झाले. माझी आई इथेच कपडे धुवायची. काही झालं असतं तर आम्हाला कळलं असतं." मग माझ्या मनगटाकडे पाहिलं. ते घासून घासून लाल झालं होतं. "बर्फ लाव त्याला," म्हणाली.

म्हणजे इथे कुणी मेलं होतं, अमक्या वर्षी तमकं झालं होतं, असलं काही निघालं नाही. तुमच्यातले काही जण कॉमेंटमध्ये तेच विचारणार, म्हणून आत्ताच सांगते. नंतर मी लायब्ररीत जाऊन जुने पेपर पाहिले. लॉन्ड्रीच्या जाहिराती मिळाल्या, बाकी काही नाही.

सोमवारी मी स्वॅब लॅबमध्ये लावला. हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे. ब्लड अगारची, म्हणजे जंतूंना वाढायला खाद्य घातलेली प्लेट घेतली, स्वॅब फिरवला, इनक्यूबेटरमध्ये ठेवली. कुणाच्याही मनगटावरून, अगदी आंघोळ करून आलेल्याच्या, स्वॅब घेतला तर दोन दिवसांत प्लेटवर चार-दोन पांढरे ठिपके येतातच. त्वचेवरचे साधे बॅक्टेरिया ते, सगळ्यांच्या अंगावर असतात. मला वाटलं होतं, इतका सडका वास, प्लेट भरून जाईल. नाव कळेल. नाव कळलं की लेबल लागेल.

दोन दिवसांनी प्लेट उघडली. काही नाही. एकही ठिपका नाही. मी अजून तीन दिवस ठेवली, तरी काही नाही. घामाने थबथबलेल्या नव्वद पोरांमधून, त्या जमिनीवर पडून आलेलं माझं मनगट... आणि त्यावर माझे स्वतःचेसुद्धा बॅक्टेरिया नाहीत. माझी सहकारी टेरेसा म्हणाली, "तू स्वॅब फिरवायला विसरलीस." मीही तेच म्हटलं असतं. पण मी विसरले नव्हते.

स्वेटरची पिशवी आठवडाभर गॅरेजमध्ये होती. उघडायचं धाडस होईना. शेवटी ग्लोव्हज घालून उघडली. वास नव्हता. करडा थर नव्हता. फक्त डाव्या बाहीची लोकर एका पट्ट्यात आटून कडक झाली होती, गरम पाण्यात चुकून धुतली की होते तशी. पट्टा चार बोटं रुंद. मी तो स्वेटर पिशवीसकट कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकला. मिलिंद आजही म्हणतो, तो ठेवायला हवा होता. त्याला म्हणायला काय जातं? त्याने तो हात धरला नव्हता.

मला मात्र वास येत राहिला. मनगटाला. कणीक मळताना, केस विंचरताना, गाडीचं स्टीअरिंग धरलं की. बाकी कुणाला येत नव्हता. रेवाने दहा वेळा मनगट नाकाला लावून पाहिलं. "फक्त साबणाचा वास येतो, आई," म्हणाली, आणि ते ऐकून मी पुन्हा सिंककडे पळाले. त्या दिवसांत मी डाव्या हातात पाण्याचा पेलासुद्धा धरला नाही, बांगडी घातली नाही. रात्री तो हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपायचे, जणू कुणा दुसऱ्याचा आहे. तीन आठवड्यांनी वास गेला. एका सकाळी लक्षात आलं की नाहीये.

मध्यंतरी रेवाच्या बँडमधल्या मुलीने शोचा व्हिडिओ पाठवला. मी तो एकदाच पाहिला आहे. रेवा बरोबर सांगत होती. मी पडते, आणि स्वतःच उठते. मग कमरेत वाकते, डावा हात सरळ खाली, पाय रोवलेले, आणि मी ओढतेय. जोर लावून. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तशी. माझ्या हाताच्या टोकाला काय आहे ते पोरांच्या पायांमुळे दिसत नाही. मग माझा चेहरा वर होतो. तो चेहरा मला बघवला नाही. माझ्या चेहऱ्यावर मी इतकी किळस कधी पाहिली नव्हती.

म्हणजे तो मला वर काढत होता, की माझ्या आधाराने स्वतः वर येत होता?

हे मी आमच्या वैद्य काकांना विचारलं. मराठी मंडळात सगळे त्यांना ओळखतात. ऐंशीच्या पुढे आहेत, आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट होते, शेकडो पोस्टमॉर्टेम केलेत. ते हसतील असं धरूनच मी गेले होते, पण ते हसले नाहीत. काकूंनी चहा ठेवला होता, तो गार झाला.

काका म्हणाले, "पाण्यात राहिलेल्या प्रेताचा हात तू सांगतेस अगदी तसाच असतो. त्वचा मोज्यासारखी निघते. तू कधी पाहिलंयस का?"

"नाही काका. आमच्याकडे फक्त सॅम्पल येतात. माणसं येत नाहीत."

"हं." बराच वेळ ते चष्मा पुसत बसले. "एक सांग. तू झटकलास तेव्हा समोरून जोर होता का? त्याने धरून ठेवायचा प्रयत्न केला?"

मी "हो" म्हणणार होते. तोंड उघडलं आणि बंद केलं.

मी वर लिहिलंय की मी हात झटकला. ते सगळ्यांना तसंच सांगितलंय, मिलिंदलासुद्धा. पण काकांसमोर मला आठवलं, आणि बाबा म्हणायचे तसं दिसलं तेच लिहायचं तर हे लिहायला हवं. झटकायची वेळच आली नाही. मी खाली पाहिलं, माझा चेहरा तसा झाला... आणि त्या हाताने आपणहून मला सोडलं. एक-एक बोट उघडत, सावकाश. कुणाच्या तरी स्वच्छ कपड्याला आपला खरकटा हात लागला की आपण ओशाळून मागे घेतो ना, तसं. मी झटकलं ते त्याच्या नंतर, रिकाम्या हवेत.

मी काकांना सांगितलं. काकूंनी माझा डावा हात हातात घेतला आणि मी दचकून काढून घेतला.

याचं काही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ड्रेनेजचा वास, गर्दीतला भास, ब्लडप्रेशर, वयाप्रमाणे होणारे बदल... सगळं स्वतःला सांगून झालं. प्लेटचं उत्तर त्यात बसत नाही, व्हिडिओचं बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला असा काही अनुभव आला असेल तर जरूर लिहा, पण 'त्या आत्म्याला शांती मिळो' असं कृपया लिहू नका. रेवाला त्याची दया येते. ती म्हणते, तो नुसता पडला होता, आई. असेल. मलाही दया यायला हवी, मला कळतं. मी रोज प्रयत्न करून बघते. डोळे मिटते, ती पांढरी नखं आठवते, ते बटण लावलेलं मनगट आठवते, ती सावकाश उघडणारी बोटं आठवते, आणि स्वतःला म्हणते की पुन्हा धर बघू.

मला फक्त मळमळतं.